दुसऱ्या मजल्यावरच्या इन्स्पेक्टरबाई

निशी हे तिचं खरं नाव नव्हे. ते काकांनी पाडलं. मॉलच्या कंट्रोल रूममध्ये ती कामाला लागली, तेव्हा नव्या माणसाला रात्रपाळी आणि वर शनिवार-रविवार असा तिथला शिरस्ता होता. तिच्यामागून आणखी माणसं आली, साहेबांच्या पुढेपुढे करून दिवसपाळीला चिकटलीसुद्धा, पण हिची रात्र काही सुटली नाही. "कायम निशीच असतेस, तर निशीच म्हणतो तुला," असं काका एकदा म्हणाले आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते उचललं.

काका म्हणजे तिचे कुणी सख्खे काका नव्हेत. आयुष्यभर ट्रक चालवला, गुडघे गेले तेव्हा हे बसून करायचं काम धरलं. त्यांची दुपारपाळी असे. रात्री ती आली की ते सुटत. खोलीला खिडकी नव्हती. समोरची भिंत भरून स्क्रीन, दोन खुर्च्या, दोन वॉकीटॉकी आणि कितीही पुसलं तरी चहाचे गोल डाग न जाणारं टेबल. मोबाइल बाहेर ठेवायचा. रात्रभर बघायचं काय, तर बंद शटर, ओली फरशी आणि काचेमागे कपडे घालून उभे असलेले पुतळे.

पहिले काही महिने तिचा जीव मेटाकुटीला आला. झोप यायची नाही असं नाही, झोप फारच यायची. विणकाम आणलं, तर टाके मोजता मोजता डोळे मिटायचे. पाढे म्हटले. उभं राहून पाहिलं. शेवटी काकांनीच तोड काढली. घरी जाण्याआधी दिवसभरातल्या माणसांतलं एखादं ते तिच्या हवाली करत. "आज एक बूटवाला आला होता बघ. तीन दुकानं फिरला, बूट घातले, काढले, आणि शेवटी आला तसाच स्लिपर फटफटवत गेला. आता तो बूट कुणासाठी बघत होता, ते तू सांग." आणि ती रात्रभर त्या बूटवाल्याचं घरदार उभं करी. त्याची बायको, त्याचा खडूस सासरा, त्याची मोडलेली नोकरी. पुढच्या रात्री ती काकांना हकीकत सांगे, काका घरी जाता जाता तीत फाटे फोडत, आणि ते फाटे पुढे नेता नेता पहाट कधी व्हायची कळत नसे. या खेळानं तिची नोकरी टिकली, असं म्हटलं तरी चालेल.

या सगळ्या माणसांत काकांचा जीव जडला होता तो इन्स्पेक्टरबाईंवर. उंच, ताठ, करड्या रंगाचा लांब कोट घातलेली एक म्हातारी आठवड्यातून तीन-चार दुपारी येई. खरेदी काही नाही. दुसऱ्या मजल्यावर गोल फिरायची आणि प्रत्येक खांबापाशी थांबून त्याला तळहात लावायची. मग पुढचा खांब.

"बिल्डरची विधवा आहे," काका म्हणाले. "नवऱ्यानं सिमेंट कमी घातलंय ते हिला ठाऊक आहे. रोज येऊन बघते, पडतंय का अजून."

"छे हो," निशी म्हणाली. "बांधकाम चालू असताना हिनं एका खांबात दागिने लपवले. आता नेमका कुठला खांब, तेच आठवत नाहीये."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी तिला रेकॉर्डिंगही दाखवलं. छताच्या कॅमेऱ्यातून माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे. पांढरा भांग आणि करडा कोट तेवढा तिला दिसला, आणि तीही हसली.

घरी तिची सगळी भिस्त सासूबाईंवर होती. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. लोक घरी असतात रविवारी, त्यामुळे त्याला रविवारीच बोलावणी जास्त. सकाळी ती जिना चढायची तेव्हा तो उतरत असायचा, कधी मधल्या पायरीवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं, कधी नुसतं "डबा घेतलास का?" एवढंच. सहा वर्षांच्या मुलाला, ढब्बूला, शाळेत सोडणं-आणणं, त्याचं जेवणखाण, गोष्ट सांगून झोपवणं, सगळं सासूबाईंकडे. त्यांनी तीस-एक वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम केलं होतं. शहरातली एकूण एक गल्ली त्यांना तोंडपाठ. कुणी पत्ता विचारला की घराचा रंगसुद्धा सांगत. दुपारी निशी झोपली की त्या दार अलगद ओढून बाहेर पडत. "तू झोप निवांत. मी बागेत जाऊन येते," म्हणत. निशीला वाटे, सासू मिळावी तर अशी.

त्या रविवारी दुपारी मॉल नुसता फुलून गेला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारीही दोघं लागत, म्हणून निशी आली होती आणि काका शेजारच्या खुर्चीवर होते. शेंगदाणे चघळता चघळता ते एकदम पुढे सरसावले.

"आल्या बघ! आज रविवारी कशा काय? आणि असिस्टंट आणलाय सोबत."

निशीनं पाहिलं. करडा कोट. कोटाच्या बाहीला धरून पिवळी टोपी घातलेला एक मुलगा. ती टोपी तिनंच विणली होती, याच खुर्चीवर बसून. एका बाजूला टाके चुकून ती फुगली होती, आणि तो फुगवटा स्क्रीनवरही दिसत होता.

म्हातारीनं मान वर केली, क्षणभर चेहरा कॅमेऱ्यात आला, आणि उरलासुरला संशय फिटला. तो कोट तिनं घरी कधी पाहिला नव्हता. पण सासूबाईंबरोबर ती शेवटची बाहेर कधी गेली होती, तेही तिला आठवेना.

"असिस्टंटला आज खांब शिकवणार," काका रंगात आले होते. "एक नंबर, पास. दोन नंबर..."

निशीला सांगावंसं वाटलं आणि लाजही वाटली. आपण कुणावर हसलो, हे उमगेपर्यंतच तिचं निम्मं अवसान गेलं होतं.

माशांच्या दुकानाबाहेर काचेची मोठी टाकी होती. ढब्बू तिथे थबकला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. सासूबाईंनी हात सोडवून घेतला, समोरच्या खांबाला लावला, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागल्या. पुढचा खांब. त्याच्या पुढचा. निशी वाट बघत होती, आता वळतील, आता हाक मारतील. त्या सरकत्या जिन्यापाशी गेल्या, पाऊल टाकलं आणि खाली गेल्या.

"अरेच्चा," काका म्हणाले. "पोरगं विसरली की बाई!"

"काका, ती माझी सासू आहे," निशी म्हणाली. "तो माझा मुलगा आहे."

काकांचा हात शेंगदाण्यांच्या पुडीत होता, तो तिथेच राहिला. मग त्यांनी पुडी बाजूला सारली आणि एक वॉकीटॉकी तिच्या हातात कोंबला. "बोल. दुसऱ्या मजल्याच्या गार्डला सांग. मी बाईंना धरतो."

ती बोलू लागली तोवर ढब्बू टाकीपासून वळला होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रडला मात्र नाही. गर्दीतून वाट काढत तो लिफ्टपाशी गेला. सामानाची ढकलगाडी घेऊन एक कुटुंब आत शिरत होतं, त्यांच्यामागून तोही शिरला. गार्ड पोचला तेव्हा लिफ्टचं दार मिटलं होतं. लिफ्टच्या कॅमेऱ्यात पिवळी टोपी दिसत होती. मग तळघराच्या पार्किंगमध्ये दार उघडलं, टोपी बाहेर पडली, आणि पुढचा स्क्रीन काळा होता. पार्किंगच्या त्या टोकाचा कॅमेरा कधीपासून बंद होता. तिनंच तीनतीनदा तक्रार केली होती.

"बाई गेटबाहेर चालल्यात," काका म्हणाले. "रस्त्याकडे."

एकीकडे गाड्यांमध्ये पोर, दुसरीकडे रस्त्यावर म्हातारी, आणि स्क्रीन सोडून उठायचं नाही हा नियम. निशी उठली. खुर्ची मागे पडली तीही तिनं उचलली नाही. जिन्यावरून धावताना कमरेच्या वॉकीटॉकीतून काकांचा आवाज येत होता. ट्रक चालवणाऱ्या माणसाचा आवाज, न चढणारा, न उतरणारा. "मेन गेट, करडा कोट, उंच बाई. हात धरून ठेव, पण नीट धर. आपल्या घरच्या आहेत."

तळघरात पेट्रोलचा वास कोंडला होता. रविवारमुळे जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या एकामागे एक. गार्ड टॉर्च मारत "ए मुला! ए पोरा!" असा खच्चून ओरडत होता. निशीनं त्याला गप्प केलं आणि स्वतः हाक मारली. एकदा. दोनदा. एक गाडी मागे येताना तिच्या कोपराला घासून गेली, चालक खिडकीतून खेकसला. तिसऱ्या हाकेला भिंतीकडून बारीक आवाज आला, "आई?"

निळ्या गाडीच्या आणि भिंतीच्या मधे तो उकिडवा बसला होता. टोपी हातात. तिनं त्याला ओढून उराशी धरलं, मग धपाटा घातला, मग परत जवळ घेतलं.

"त्या गार्डकाकांनी हाका मारल्या तर ओ का नाही दिलीस?"

"अनोळखी माणसाला ओ द्यायची नसते," तो म्हणाला. "आजी म्हणते, हरवलास तर एका कोपऱ्यात बसायचं. ती येते शोधायला."

"म्हणजे? आधी हरवला होतास?"

तो बुटाच्या टोकानं फरशी खरवडत राहिला. "ते सांगायचं नसतं. ते माझं आणि आजीचं आहे."

"ढब्बू."

"ती येते गं. कधीकधी खूप वेळ लागतो. एकदा अंधार पडला होता. पण आली."

निशीनं टोपी त्याच्या डोक्यावर घातली. एवढंसं पोर, महिनोन्महिने हे पोटात ठेवून शाळेत जात होतं, जेवत होतं, सकाळी तिच्या गळ्यात पडत होतं. आणि ती पांघरूण ओढून झोपत होती.

मेन गेटवर सासूबाई गार्डला फैलावर घेत होत्या. "हात सोड आधी! मी काय चोर वाटले का तुला?" आजूबाजूला बघे जमले होते. निशीला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग नजर खाली गेली.

"अरे! तू इथं कसा?" त्या ढब्बूला म्हणाल्या. "मला वाटलं, तू घरी आहेस."

निशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच, सगळ्यांसमोर, ती ओरडली. काय काय बोलली ते तिला नंतर धड आठवलं नाही. आधी का नाही सांगितलंत, माझ्या पोराचं काही झालं असतं तर, विश्वासानं सोडलं होतं तुमच्यावर. सासूबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिल्या. शेवटी ढब्बूच दोघींच्या मधे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हळू. लोक बघतायत."

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. जागा सोडल्याबद्दल दोन शब्द सुनावले, बंद कॅमेऱ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. काकांनी तिची त्या रात्रीची पाळीही स्वतःच्या अंगावर घेतली. तिला गेटपर्यंत सोडायला ते लंगडत आले.

"निशे, मी त्यांच्यावर फार..." एवढं म्हणून ते अडले.

"मीही हसले होते, काका," ती म्हणाली.

रात्री ढब्बू झोपल्यावर तिघं स्वयंपाकघरात बसली. नवऱ्याच्या बोटांना अजून ग्रीस होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वय झालं की होतं असं. मीसुद्धा पाने-पकड घरी विसरून जातो. उगाच बाऊ करू नकोस."

"पाना पार्किंगमध्ये गाडीखाली जात नाही," निशी म्हणाली.

"आता काय आईवर केस करायची का?"

"भांडू नका," सासूबाई म्हणाल्या. दुपारपासून त्यांचे हे पहिलेच शब्द. "ती म्हणते ते खरं आहे. पोरगं माझ्यामुळं हरवलं. पहिल्यांदा नाही."

नवऱ्यानं मान फिरवून नळाकडे पाहिलं.

"रस्ते फसवायला लागलेत मला," त्या म्हणाल्या. "ज्या गल्लीत डोळे मिटून गेले असते, तिच्या तोंडाशी उभी राहते आणि पुढचं काहीच येत नाही. नुसतं पांढरं. म्हणून मॉलमध्ये जायला लागले. सराव करायला. खांबाला हात लावायचा आणि आधीचा खांब आठवायचा. रस्त्यावर चुकले तर कुठल्या कुठे जाईन. तिथं चुकले तरी चार भिंतींत." त्या थांबल्या, निशीकडे पाहिलं. "आणि तू वर असतेस ना. म्हटलं, काही झालं तर हिला दिसेल."

निशी म्हणाली, "आई, दुपारी मी इथं असते. झोपलेली असते. तुम्हीच दार ओढून घेता."

सासूबाई विचारात पडल्या. "हो की," त्या हळूच म्हणाल्या. "मग वर कोण असायचं गं?"

या प्रश्नाचं उत्तर निशीला देता आलं असतं. तिनं उठून ओटा पुसला, तो पुसलेलाच होता.

नवऱ्यानं त्या रात्री पहिल्यांदा हात नीट धुतले. साबण लावून, नखांत ब्रश घालून, बराच वेळ. मग आईच्या शेजारी येऊन बसला आणि काही न बोलता तिच्या कोटाचं तुटायला आलेलं बटण चाचपत राहिला. "कोट कधी घेतलास?" त्यानं विचारलं.

"मॉलमध्ये गार असतं फार," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात घरात बऱ्याच गोष्टी हलल्या. रविवारची कामं नवऱ्यानं बंद केली. शाळेतून आल्यावर ढब्बूनं खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंकडे बसायचं ठरलं. हे त्याला मुळीच पटलं नाही. दोन दिवस तो निशीशी बोलला नाही. आपण आजीचं गुपित फोडलं आणि त्याची शिक्षा आजीला झाली, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याच्या डोक्यातून कसा काढावा ते कुणालाच उमजेना. सासूबाई त्याला जवळ घ्यायला जात आणि अर्ध्यावर हात मागे घेत. निशीनं दिवसपाळी मागितली. "बघू," साहेब म्हणाले. त्यांचं "बघू" सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा रात्रपाळी तशीच राहिली. फक्त आता रात्री खोलीत माणसांच्या गोष्टी होत नसत. काका तिला पाळी सोपवताना बंद कॅमेरा चालू झाला का एवढं सांगत, आणि घरचं विचारत. ती पुन्हा विणायला लागली. झोप येत नव्हतीच आता.

डॉक्टरांकडे जायचा दिवस आला तेव्हा ती रात्रपाळीवरून थेट दवाखान्यात पोचली. नवरा आईला घेऊन आला होता. बाकावर तिघं ओळीनं बसली. सासूबाईंनी केस नीट विंचरले होते, पोस्टात जाताना घालत ते घड्याळ हातात होतं.

"एक सांगते," त्या निशीच्या कानाशी म्हणाल्या. "आत ते मला विचारतील. तू मधे उत्तरं देऊ नकोस. हा देईल, मला माहितेय, ह्याला गप्प बसव. चुकले तर चुकू दे. माझं मला चुकू दे."

"बरं, आई."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, नोकरी कुठं केली ते विचारलं. पोस्टाचं म्हटल्यावर सासूबाई खुलल्या. मोठ्या पोस्टापासून स्टेशनपर्यंतच्या सगळ्या गल्ल्या त्यांनी क्रमानं सांगितल्या, मधल्या बोळासकट. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली.

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आज वार कोणता, आजी?"

निशीनं मनातल्या मनात उत्तर शोधलं आणि दचकली. रात्री काम, सकाळी झोप, सुट्टीला ड्युटी. क्षणभर तिलाही वार सांगता येईना. मग कालचा डबा आठवला, साहेबांची गाडी आठवली, त्यावरून दिवस मोजले, आणि वार सापडला. तसं काही शोधायला सासूबाईंच्या हाताशी नव्हतं. त्या घड्याळाकडे बघत होत्या. नवऱ्यानं तोंड उघडलं, तसा निशीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"रविवार," सासूबाई म्हणाल्या, ठाम आवाजात.

तो गुरुवार होता. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. निशीनं नवऱ्याच्या मनगटावरून हात काढला नाही. सासूबाई खुर्चीत जरा पुढे सरकून, ताठ बसून, पुढचंही उत्तर द्यायला लागल्या.